ओजिमा ईगल्सचा पहिला आणि शेवटचा सामना

सेंदाईहून सुगावारा-सानांचा मेल आला तेव्हा अंबरीष इतका निर्धास्त होता, की त्याने आधी चहा टाकला आणि मग मेल मोठ्याने वाचला.

मेल साधाच होता. सुगावारा-सान तिथल्या एका खासगी विद्यापीठात मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षक होत्या. अंबरीषच्या मुलीने, कस्तुरीने, त्यांना आपणहून लिहिलं होतं, की मी तोक्योत एका भारतीय शाळेत बारावीला आहे, मला तुमच्याकडे शिकायचंय आणि तुमच्या संघातून खेळायचंय. जपानी शाळांतल्या मुलींची शिफारस त्यांचे प्रशिक्षकच करतात. कस्तुरीच्या शाळेत ते काम पी.टी.च्या सरांकडे होतं आणि सर मनाने क्रिकेटचे. तेव्हा सुगावारा-सानांनी कळवलं होतं, की खेळ नीट दिसेल असा पाचेक मिनिटांचा व्हिडिओ महिनाअखेरीपर्यंत पाठवावा.

"व्हिडिओच ना?" अंबरीष म्हणाला. "दोन वर्षांची एकूण एक मॅच आहे माझ्याकडे."

हे खरं होतं. मुलगी शाळेच्या संघातून खेळायला लागल्यापासून त्याने चांगलासा कॅमेरा घेतला होता आणि मॅचच्या दिवशी ऑफिसचा कॉल असला तरी तो कानात इअरफोन घालून गॅलरीत उभा असायचा. त्याची बायको दीप्ती शेजारी बसून संत्री सोलायची. शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिघं ओजिमाच्या त्यांच्या घरात टीव्हीसमोर बसले आणि अंबरीषने पहिली मॅच लावली.

पडद्यावर कस्तुरीचा चेहरा आला. कपाळावर घाम, भुवया जवळ आलेल्या. कस्तुरी डावीकडे पळाली, कॅमेरा डावीकडे पळाला. कस्तुरीने उडी मारली. कुठेतरी टाळ्या वाजल्या. कस्तुरी हसली.

"ही बास्केट," अंबरीष म्हणाला.

"कुठाय?" कस्तुरीने विचारलं.

"आत्ता झाली ना. टाळ्या ऐकल्या नाहीस?"

दुसऱ्या मॅचमध्येही तेच. तिसरीत थोडा बदल म्हणून बराच वेळ तिची वेणी दिसली. बॉल अधूनमधून कोपऱ्यातून धूमकेतूसारखा येई आणि लगेच निघून जाई. समोर कोण होतं, पास कोणाला दिला, बास्केट कुठे आहे, कशाचाच पत्ता नव्हता. अंबरीष जन्मात कॅरमपलीकडे काही खेळला नव्हता. तो मुलीला बघायला जायचा आणि त्याने मुलीलाच बघितलं होतं. दीप्तीला एकीकडे हसू येत होतं आणि एकीकडे नवऱ्याबद्दल फार माया वाटत होती. दोन्ही लपवायला ती उठून पाणी प्यायली.

"बाबा," कस्तुरी शांतपणे म्हणाली, "हा मॅचचा व्हिडिओ नाहीये. हा माझा पासपोर्टचा फोटो आहे. हलणारा."

शाळेकडे विचारून झालं. वेबसाइटसाठी काढलेले फोटो निघाले, त्यात सगळ्या मुली एका ओळीत उभ्या होत्या. बोर्डाची परीक्षा म्हणून बारावीच्या मुलींना शाळा यंदा खेळवणारही नव्हती. कस्तुरी "मोऊ ईई" म्हणाली, म्हणजे जाऊ दे आता, आणि आपल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

अंबरीष संध्याकाळपर्यंत तेच व्हिडिओ पुन्हा लावून त्यांत बॉल शोधत बसला. जेवायला बसला तेव्हा मात्र त्याच्या डोळ्यांत चमक होती, आणि लग्नाला वीस वर्षं झाल्यामुळे दीप्ती त्या चमकेला घाबरायची.

"आपण मॅच करू," तो म्हणाला.

"कोणाशी?"

"कोणाशीही. रविकांत आहे, विवेक आहे, स्नेहलता वहिनी आहेत. सारखे टी-शर्ट घातले की झाली टीम. ओजिमा ईगल्स. केदार शूट करेल."

"खोटं आहे हे, अंबरीष."

"खोटं कसं? बॉल खरा, बास्केट खरी, पोरगी खरी. फक्त समोरची माणसं जरा सहकार्य करणारी."

दीप्ती म्हणाली, की मला यात धरू नकोस, मी फार तर सगळ्यांसाठी पोहे करीन. नवऱ्याने ते आनंदाने मान्य केलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. दीप्ती नागपूरची. घरात एवढंच माहीत होतं, की आई कॉलेजात थोडंफार खेळायची. हे थोडंफार म्हणजे ती नागपूर विद्यापीठाच्या संघातून बास्केटबॉल खेळली होती आणि समोरच्या संघातल्या मुली तिच्या बाजूने बॉल आणायचं टाळायच्या. सासुरवाडीच्या शोकेसमधले कप अंबरीषने पाहिले होते, पण ते मेहुण्याचे असणार असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. दीप्तीने काही लपवलं नव्हतं. पण तिला स्वतःला खेळायला शिकवलं ते तिच्या थोरल्या भावाने, आणि तो रेषेवर उभा राहून प्रत्येक शॉटमागे एक चूक काढायचा. शेवटी शेवटी तिला बॉलचा रंगही नकोसा झाला. कस्तुरीने लहानपणी बागेतल्या जपानी मुलांच्यात आपणहून बॉल हातात घेतला, तेव्हा दीप्तीने ठरवलं की आपण त्या रेषेवर उभं राहायचं नाही. आपण संत्री सोलायची. एकदा गप्प राहिलं की पुढे त्याची सवयच होते.

रविवारी सकाळी वॉर्डाच्या क्रीडा केंद्रातलं कोर्ट मिळालं. अंबरीषने कारणाच्या जागी "प्रौढांचा व्यायाम" असं लिहिलं होतं. निघायच्या बेतात असतानाच विवेकचा फोन आला. फुतोनची गादी उचलताना त्याची कंबर धरली होती आणि तो जमिनीवर आडवा पडून बोलत होता.

"ईगल्समध्ये एक माणूस कमी पडतंय," अंबरीष म्हणाला आणि बायकोकडे बघत राहिला.

"मी पोहे केलेत."

"फक्त उभी राहा. कस्तुरी आली की बाजूला हो. त्यात काय एवढं?"

असा दीप्तीचा ईगल्समध्ये प्रवेश झाला. गणेशोत्सवात स्वयंसेवकांनी घातलेले निळे टी-शर्ट उलटे करून त्यांवर काळ्या चिकटपट्टीने नंबर लावले होते. दीप्तीला अकरा नंबर मिळाला. उजेडात आलं की कापडातून आतला गणपती पुसटसा दिसायचा, पण अंबरीष म्हणाला, सेंदाईहून पाहणाऱ्याला तो गरुडच वाटेल.

एका बाजूला रविकांत, त्याची बायको स्नेहलता आणि दीप्ती. दुसऱ्या बाजूला कस्तुरी आणि तिची शाळेतली मैत्रीण नुपूर. मॅचला दहा माणसं लागतात, पण अर्धंच कोर्ट शूट केलं की बाकीचे चौकटीबाहेर आहेत असं वाटतं, हा अंबरीषचा शोध. केदारला वर गॅलरीत बसवलं. केदार एकटा राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी रेल्वेगाड्यांचे व्हिडिओ काढायचा. गाडी कुठूनही येवो, कॅमेरा हलवायचा नाही, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं होतं.

रविकांत अंबरीषच्याच ऑफिसात होता. देहाने भरभक्कम. कोर्टासाठी वेगळे बूट लागतात हे तो विसरला आणि बाहेरचे बूट घालून आत जायला काउंटरवरच्या आजोबांनी अतिशय नम्रपणे नकार दिला. मग तो मोज्यांवरच उतरला. पहिल्या शॉटला कस्तुरीने उजवीकडून मुसंडी मारायची आणि रविकांतने तोल जाऊन पडायचं असं ठरलं होतं. कस्तुरी अजून तीन हात लांब होती तेव्हाच रविकांत "अरे देवा" म्हणत आडवा झाला.

"कट, कट," अंबरीष खालून ओरडला. "तिने हुलकावणी दिल्यावर पडायचं, रविकांत. आधी नाही."

"मोजे घसरतात रे."

"आणि बोलू नकोस. ईगल्स मराठी बोलत नाहीत."

दुसऱ्या वेळी रविकांत वेळेवर पडला, पण स्नेहलताही पडली. तिला पडायचं नव्हतंच. नवरा पडलाय हे पाहून तिला वाटलं की आता आपलीही पाळी. तिसऱ्या वेळी कस्तुरी दोघांच्या मधून चालत गेली आणि बॉल बास्केटमध्ये टाकून आली. कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत टाकताना असतो तसा तिचा चेहरा होता. "मुरी," ती नुपूरला म्हणाली. जमणार नाही.

दीप्ती हे सगळं आपल्या जागेवरून बघत होती. तिला पोरीची दया आली आणि नवऱ्याचा रागही येईना. मग अंबरीष म्हणाला, "आता दीप्तीच्या बाजूने," आणि कस्तुरी बॉल आपटत तिच्या दिशेने यायला लागली.

हात आपोआप गेला, असं दीप्ती पुढे सगळ्यांना सांगत राहिली. पहिल्या वेळेपुरतं ते खरं होतं. कस्तुरी डावीकडे वळणार हे तिला आधीच कळलं, कारण डावीकडे जायच्या आधी पोरगी उजवा खांदा किंचित पाडते, हे तिने गॅलरीत बसून दोन वर्षं पाहिलं होतं. खांदा पडला, दीप्तीचा हात पुढे गेला आणि बॉल तिच्याकडे आला.

"सॉरी," दीप्ती म्हणाली आणि बॉल परत दिला.

दुसऱ्या वेळी कस्तुरी जोरात आली. दीप्तीने पुन्हा बॉल काढून घेतला. यावेळी तिने सॉरी म्हटलं नाही.

"आई, काय करतेयस?"

"डिफेन्स."

"कट. दीप्ती, तू पडायचं आहेस."

"मला पडता येत नाही," दीप्ती म्हणाली. "तिला म्हणावं, पाड."

कस्तुरीने आईकडे नीट बघितलं. घरात रोज दिसणारी बाई, निशी-कासाईतल्या मसाल्यांच्या कंपनीत हिशेब बघणारी, गुडघे वाकवून, हात पसरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर सरळसरळ खोडकर हसू होतं. कस्तुरीने वेणी वर बांधली.

त्यानंतर अंबरीषच्या योजनेला कोणी विचारलं नाही. रविकांत आणि स्नेहलता भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी पोह्यांचा डबा उघडला. कस्तुरी येत राहिली, दीप्ती अडवत राहिली. लांबून शॉट मारला तर दीप्तीचा हात वर. नुपूरला पास दिला तर मध्ये दीप्ती. एकदा कस्तुरी चिडून थेट अंगावर आली, तर दीप्ती नुसती जागेवर उभी राहिली आणि पोरगीच आपटून मागे गेली. अंबरीष कट म्हणून दमला. केदारला कोणी थांब म्हटलं नव्हतं आणि गाडी अजून येत होती, म्हणून त्याने कॅमेरा चालूच ठेवला.

मग एकदा कस्तुरी येता येता थबकली. तिने आईच्या डोळ्यांकडे बघितलं आणि ते कुठे बघताहेत ते तिला समजलं. तिने उजवा खांदा पाडला. दीप्ती डावीकडे झेपावली आणि पोरगी उजवीकडून निघून गेली. बॉल आवाज न करता जाळीतून खाली आला. दीप्ती खरोखरच तोल जाऊन बसकण मारून बसली होती.

"हे मस्त पडलीस," अंबरीष म्हणाला.

वेळ संपल्यावर कोर्ट पुसून द्यावं लागतं. मायलेकी शेजारी शेजारी पोछा ओढत चालल्या होत्या.

"मी खांदा पाडते?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि तू गप्प बसलीस?" कस्तुरीचा आवाज एकदम चढला. "दोन वर्षं मी मॅचेस हरतेय, आई. तू संत्री सोलत होतीस."

भावाचं, रेषेचं सगळं दीप्तीने थोडक्यात सांगितलं, पण सांगताना ते कारण तिला स्वतःलाच अर्धंमुर्धं वाटलं. कस्तुरी पोछा घेऊन कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली. पोरीच्या जवळ जाऊ नये म्हणून आपण इतके मागे सरलो, की तिला हात द्यायलाही उरलो नाही, हे त्या दिवशी दीप्तीला पहिल्यांदा कळलं.

अंबरीषने आठवडाभर खपून व्हिडिओ तयार केला. त्यात संगीत होतं, आगीच्या ज्वाळांतून कस्तुरीचं नाव येत होतं आणि रविकांतचं पडणं संथ गतीने तीनदा दाखवलं होतं. तिसऱ्यांदा त्याचे मोजे स्पष्ट दिसत होते. अकरा नंबर जवळजवळ कुठेच नव्हती. शेवटी तेवढी बसकण मारताना दिसायची. कस्तुरीने तो पूर्ण पाहिला आणि "सुगोई" म्हणाली. ग्रेट. जपान्यांनी परक्या माणसाला म्हणावं तसं.

"पाठव लगेच," अंबरीष म्हणाला आणि समाधानाने आंघोळीला गेला.

कस्तुरी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली. आठवडाभर ती आईशी कामापुरतंच बोलली होती.

"केदारकाकांकडून सगळं शूटिंग मागवलंय," ती म्हणाली. "आपल्या दोघींचं. हे पाठवतेय. काहीही कापलेलं नाही."

"अगं, यात तर तू हरतेयस. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"शेवटपर्यंत नाही." तिने सोबत लिहिलेला मजकूर दाखवला. दीप्तीला जपानी वाचायला वेळ लागायचा, पण हे सोपं होतं. ही खरी मॅच नाही, समोरचे लोक माझ्या आईबाबांचे मित्र आहेत, एक जण मोज्यांवर आहे, अकरा नंबर माझी आई आहे. हिच्याइतका चांगला डिफेन्स माझ्यासमोर आजवर कोणी केलेला नाही.

शेवटचं वाक्य दीप्तीने दोनदा वाचलं.

"बाबांना सांगायला हवं," ती म्हणाली.

"सांगू. नंतर."

बाथरूममध्ये अंबरीष शीळ घालत होता. दीप्तीने आतल्या आवाजाचा कानोसा घेतला, ओढणीला हात पुसले आणि पाठवण्याचं बटण स्वतः दाबलं.

उत्तर आलं ते आमंत्रणाचं. शनिवारी सरावाला यावं, जमल्यास अकरा नंबरनेही यावं. अंबरीषला वाटलं, सुगावारा-सान कुटुंबवत्सल आहेत. शिनकान्सेनमध्ये तो सेंदाई येईपर्यंत तयारी करत होता. ओजिमा ईगल्स कधी स्थापन झाले, किती संघ होते, उपांत्य सामना कसा रंगला. मायलेकी खिडकीबाहेरच्या कापणी झालेल्या शेतांकडे टक लावून बघत होत्या. एकमेकींकडे बघायची सोय नव्हती. सांगावं असं दीप्तीला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा तो इतका रंगात आला होता, की तिला थांबवायचा धीर झाला नाही. किंवा मजा सोडवली नाही.

सुगावारा-सान पन्नाशीच्या, उंच, केस बारीक कापलेल्या. वाकून नमस्कार झाले. मुली सराव करत होत्या, त्यांच्यात कस्तुरीला पाठवलं आणि अंबरीषने ऑफिसातल्या ठेवणीतल्या जपानीत ईगल्सचा इतिहास सुरू केला. मान हलवत, "अच्छा, असं का" म्हणत सुगावारा-सानांनी उपांत्य सामन्यापर्यंत सगळं ऐकून घेतलं.

"माफ करा," मग त्या अदबीने म्हणाल्या, "व्हिडिओत 'कट, कट' असा जो आवाज येतो, तो आपलाच का?"

अंबरीषने बायकोकडे पाहिलं. दीप्ती कोर्टाकडे बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. तो माफी मागायला खाली वाकला तो बराच वेळ वर आला नाही. सुगावारा-सानही तेवढ्याच वाकल्या. वर आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते हसण्याचं.

"मला दर वर्षी ढिगाने व्हिडिओ येतात," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत बास्केटच बास्केट. हरल्यावर मुलगी काय करते हे कोणी पाठवत नाही."

त्या दिवशी कस्तुरीला विद्यापीठाच्या मुलींनी चांगलीच घुसळून काढली. दोनदा ती आपटली. पण दुसऱ्या तासाला तिने एकीला खांद्याची हूल देऊन पार केलं आणि रेषेबाहेर उभ्या असलेल्या आईकडे बघितलं. दीप्तीने बोटाने खूण केली: पाय अजून रुंद. कस्तुरीने पाय रुंद केले.

आश्वासन काही मिळालं नाही. प्रवेशपरीक्षा द्यावी, मुलाखत द्यावी, निवड झाली तर आधी दुसऱ्या फळीत खेळावं लागेल. परतीच्या गाडीत उत्सुनोमिया मागे पडल्यावर अंबरीष म्हणाला, "मी एवढी फेकत होतो तेव्हा थांबवायचं ना मला."

"तू फार छान सांगत होतास," दीप्ती म्हणाली.

तो आणखी दोन दिवस फुगून बसला. कस्तुरीने मात्र दुसऱ्याच दिवशी आईला बागेतल्या बास्केटखाली नेलं आणि अंधार पडेपर्यंत सोडलं नाही.

डिसेंबरात निकाल लागला आणि कस्तुरीला प्रवेश मिळाला. संक्रांतीला सगळे ओजिमाला जमले. तिळगूळ वाटून झाल्यावर रविकांतने विचारलं, की त्या बाईंना नेमकं काय आवडलं, माझं पडणं का?

"त्याचं असं आहे," अंबरीष मांडी ठोकून बसला. "सगळे फक्त बास्केट पाठवतात. म्हटलं, आपण हरणं पाठवू. पहिल्यापासून माझ्या डोक्यात तेच होतं. दीप्तीला उतरवली ती त्यासाठीच."

कस्तुरीने काही बोलायला तोंड उघडलं. दीप्तीने त्यात चटकन एक लाडू कोंबला आणि नवऱ्याला म्हणाली, "सांग ना पुढे. विवेकची कंबरही तूच धरवलीस का?"

"ते मात्र योगायोगाने," अंबरीष म्हणाला आणि पुढे सांगू लागला.